यशोदेने काठी कधी टाकली?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९. जोडीला गीतेतले काही श्लोक, ते ओघात येतील.

कार्तिक सुरू आहे, दामोदराचा महिना. दाम म्हणजे दोरी. आपल्याकडचं गुरांचं दावं ते हेच. उदर म्हणजे पोट. पोटाला दावं बांधलेला तो दामोदर. पूजेच्या सुरुवातीला केशवापासून जी चोवीस नावं आपण भराभर म्हणतो, त्यात हे बारावं. एका आईने वैतागून पोराला बांधून ठेवलं, आणि त्या दिवसाचं नाव देवाला कायमचं लागलं.

माझ्या वयाचे बरेच मित्रमैत्रिणी सध्या एकाच टप्प्यावर आहेत. घरात दीड ते तीन वर्षांचं एक माणूस आहे, त्याला चालता येतं, "नाही" म्हणता येतं, आणि थांबता येत नाही. त्यातल्या एकाने परवा विचारलं, "पहाटे उठून सोळा माळा जप होतो. साडेआठपर्यंत सगळं छान. मग एका मोज्यावरून घरात आवाज चढतो. मग त्या जपाचं नेमकं काय झालं रे?" विचारलं हसत हसत, पण प्रश्न खरा होता. बाहेर जगात शांत राहणारा माणूस घरात सगळ्यात लहान व्यक्तीसमोर का तुटतो? आणि शास्त्र वाचणाऱ्याने याला काय समजायचं, स्वभावदोष, थकवा, की साधनेतली खोट?

मी उत्तर देत बसलो नाही, हा अध्याय पुन्हा काढला.

सुरुवातच किती ओळखीची आहे बघा. त्या दिवशी घरातल्या दासी दुसऱ्या कामांना लावलेल्या आहेत, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळायला बसली आहे. म्हणजे आपल्या भाषेत, मावशी आज येणार नाहीत. कृष्ण येतो आणि रवीच धरून ठेवतो. मला आत्ता घे. ती घेते, पाजते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. पोराचं पोट भरलेलं नाही, पण ती त्याला तसंच खाली ठेवून धावते. झालं. तो चिडतो, ओठ चावतो, दगड घेऊन दह्याचं भांडं फोडतो, डोळ्यांत खोटं पाणी आणतो आणि आत जाऊन लोणी खात बसतो.

टँट्रमचं इतकं नेमकं वर्णन मी पालकत्वाच्या पुस्तकांतही फारसं वाचलेलं नाही. कारण आहे (अर्धवट राहिलेली भूक), तात्कालिक धक्का आहे (आईचं लक्ष एकदम काढून घेतलं जाणं), आणि मग तोडफोड. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३१ मध्ये लहान मुलांच्या रागावर एक पुस्तक लिहिलं, आयांनी घरी रोज लिहून ठेवलेल्या नोंदींवरून. त्यात दिसलेली एक गोष्ट म्हणजे जेवणाच्या आधीच्या वेळात मुलांचे रागाचे झटके वाढतात. शुकाचार्यांना हे आधीच माहीत होतं असं मी म्हणणार नाही, तसली वाक्यं मला आवडत नाहीत. पण ज्याने हा अध्याय सांगितला त्याने घरातलं मूल जवळून बघितलेलं होतं, एवढं नक्की.

यशोदा दूध उतरवून परत येते, फुटलेलं भांडं बघते, आणि हसते. भागवतात तिची पहिली प्रतिक्रिया हीच आहे. काठी नंतर येते. आपण गोष्ट सांगताना हे हसणं गाळतो आणि एकदम पाठलागावर जातो.

ती का हसू शकते, याचा विचार करताना मला गीतेचा दुसरा अध्याय आठवला, श्लोक ६२ आणि ६३. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी. आमच्या क्षेत्रात प्रॉडक्शनवर काही कोसळलं की आम्ही स्टॅक ट्रेस वाचतो. शेवटची ओळ फक्त कुठे फुटलं ते सांगते; का फुटलं ते कळायला मागे मागे जावं लागतं. हे दोन श्लोक मी तसेच वाचतो. मोज्यावरून आवाज चढला, ही शेवटची ओळ. एक पायरी मागे गेलं तर हवं काय होतं? आठ पन्नासची बस मिळायला हवी होती. आणखी मागे? साडेनवाच्या कॉलमध्ये आपण उशिरा जोडले गेलो तर लोक काय म्हणतील. त्याच्याही मागे, त्या कॉलचं चिंतन सकाळी दात घासताना सुरू झालेलं असतं. या साखळीत मूल कुठेच नाही! ते शेवटच्या पायरीवर मोजा हातात घेऊन उभं आहे, बाकी सगळी साखळी आपली. म्हणून "हा मला राग आणतो" हे वाक्य फारसं खरं नसतं. तो फक्त जिथे आपण आधीच ताणलेलो असतो तिथे बोट लावतो.

यशोदेचं दूध म्हणजे आपला हा कॉल. फरक असा की उतू जाणारं दूध वाचवून ती परत आली तेव्हा तिच्या मनात दूध उरलेलं नव्हतं. ते काम झालं होतं. भाष्यकार म्हणतात की ते दूधही कृष्णासाठीच होतं. तेही आपल्या ओळखीचंच: मुलासाठी म्हणून जे करायचं, त्यासाठी मुलालाच खाली ठेवायचं.

आता थोडं अवघड बोलतो.

"राग आवरत नाही" असं आपण म्हणतो. मला हे अर्धंच पटतं. क्लायंटने शुक्रवारी संध्याकाळी सगळी रिक्वायरमेंट बदलली तर आपण दोन मिनिटं गप्प बसतो आणि लिहितो, "शुअर, बघतो." मॅनेजरने आपलं श्रेय स्वतःकडे घेतलं तर चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. म्हणजे ब्रेक आहे, चालतो, आणि चांगला चालतो. तो वरच्या दिशेने लागतो आणि खालच्या दिशेने सुटतो. दोन वर्षांचं मूल हा आपल्या आयुष्यातला बहुधा एकमेव माणूस आहे ज्याच्यावर ओरडण्याची किंमत त्या दिवशी आपल्याला काहीच मोजावी लागत नाही. तो राजीनामा देत नाही, अबोला धरत नाही, पाच मिनिटांनी परत आपल्याच गळ्यात येऊन पडतो.

म्हणून हा प्रश्न मला स्वभावाचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो. बलवानासमोर गप्प राहणं याला क्षमा म्हणता येत नाही, त्यात भीतीही असू शकते, हिशेबही असू शकतो. आपल्यात खरोखर किती क्षमा आहे हे कळतं ते जिथे आपली ताकद पूर्ण आहे आणि विचारणारं कोणी नाही, तिथे. असं ठिकाण घराच्या दाराच्या आत आहे, आणि साडेतीन फूटही उंच नाही.

गीतेत एक जागा आहे जी मला याच संदर्भात नेहमी थांबवते. अकराव्या अध्यायात विश्वरूप बघून अर्जुन हादरला आहे. सगळं जग गिळणारी ती मुखं त्याने बघितली. आणि त्याला काय आठवतं? की आपण याला मित्र म्हणून अरे-तुरे केलं, खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना याची थट्टा केली. मग तो विनवतो की बाप जसं मुलाचं, मित्र जसं मित्राचं, प्रियकर जसं प्रियेचं, तसं माझं सहन करून घे. तिथलं क्रियापद सहन करण्याचं आहे, हे लक्षात घ्या. शिवाय ती यादी बघा. खेळणं, झोपणं, बसणं, जेवणं. टॉडलर असलेल्या कुठल्याही घरात भांडणं कुठे होतात ते विचारा, हीच चार ठिकाणं सांगतील. जो सगळं गिळू शकतो त्याच्याकडे अर्जुन जी गोष्ट मागतो, तिच्यासाठी त्याला सुचलेली पहिली उपमा बापाची आहे. आपण देवाकडे रोज जे मागतो ते देण्याची संधी आपल्याला रोज जेवणाच्या टेबलावर मिळते, आणि आपण तिला "कटकट" म्हणतो.

इथे कोणी म्हणेल, सोपं आहे, मुलात कृष्ण बघा म्हणजे राग येणारच नाही. हे मी बऱ्याच प्रवचनांत ऐकलंय. मला वाटतं भागवत नेमकं हे सांगत नाही. आठव्या अध्यायात मातीचा प्रसंग आहे. यशोदेला पोराच्या तोंडात अख्खं विश्व दिसलं, तिला क्षणभर कळलं की हा कोण आहे. आणि लगेच ते ज्ञान तिच्याकडून काढून घेतलं गेलं! ती पुन्हा आई झाली. देव म्हणून बघत राहिली असती तर तिने हात जोडले असते, त्याचं नाक पुसलं नसतं. तिचं मोठेपण असं की देव आहे हे माहीत नसताना, समोर फक्त एक खट्याळ पोर असताना, ती जशी वागली तशी वागली. रात्री साडेनऊला वरण-भाताची वाटी जमिनीवर उलटी झाल्यावर "हा कृष्ण आहे" हे मनात आणायचा प्रयत्न करून बघा. निदान मला तरी तो विचार फार कृत्रिम वाटतो. "हा अडीच वर्षांचा आहे" हा विचार जास्त कामी येतो, आणि तो खराही आहे. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग माणसात विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. अडीच वर्षांच्या जिवाकडून आपण जे मागतो ते त्याच्याकडे अजून आलेलंच नसतं.

मग काठी. कृष्ण उलट्या उखळावर चढून माकडांना लोणी वाटतोय, चोरासारखा इकडेतिकडे बघतोय. यशोदा मागून काठी घेऊन येते. तो पळतो, ती धावते, केसांतली फुलं गळतात, शेवटी धरते. तो रडतो, डोळे चोळतो, काजळ गालभर पसरतं. इथे यशोदा त्याच्या तोंडाकडे बघते, तो घाबरलाय हे तिला कळतं, आणि ती काठी टाकून देते.

माझ्यासाठी अख्खा अध्याय इथे आहे. तिने काठी कधी टाकली? राग संपला तेव्हा? तसं तिथे म्हटलेलं नाही. दहा आकडे मोजून झाल्यावर? नाही. त्याचा चेहरा दिसला तेव्हा. तोपर्यंत तिच्यासमोर फुटलेलं भांडं होतं, सांडलेलं दही होतं, माकडं होती. नजर तिथून चेहऱ्यावर आली आणि हात सैल झाला. शांत होण्यासाठी आपण नेहमी स्वतःच्या आत बघायला जातो, श्वास, नाम, आकडे. ते सगळं चांगलंच आहे. पण यशोदेला शांती बाहेरून मिळाली, समोरच्याच्या डोळ्यांतून.

आमच्या घरी झोपताना ही गोष्ट सांगायची पद्धत पडली आहे. अडीच वर्षांच्या श्रोत्याला भांड्याचं काही पडलेलं नसतं, माकडंही दोन दिवसांत जुनी झाली. प्रश्न रोज एकच. "काठी ताकली?" टाकली, म्हटलं की अंग सैल सोडून कुशीवर वळायचं. उखळ, झाडं, पुढचं काहीही ऐकायचं नसतं.

कुंतीलाही हेच आठवतं. पहिल्या स्कंधात, युद्ध संपल्यावर कृष्ण द्वारकेला निघालाय, आणि ती स्तुती करताना मध्येच म्हणते की ज्याला भीतीही भिते तो आईसमोर काजळ-अश्रूंनी माखलेला, मान खाली घालून उभा होता, ते रूप मला गोंधळात टाकतं. एवढं महायुद्ध होऊन गेलं, आणि तिच्या मनात उरलंय ते एका लहान मुलाचं घाबरलेलं तोंड.

काठी टाकली, पण यशोदा त्याला सोडून देत नाही. बांधते. हे महत्त्वाचं आहे, कारण शांत राहणं म्हणजे सगळं चालवून घेणं असा अर्थ आपल्या पिढीने काढलाय आणि मग त्या ओझ्याने आपणच फुटतो. तिने भीती काढून घेतली, मर्यादा ठेवली. (दोरीचा शब्दशः अर्थ कृपया कोणी घेऊ नये!) ब्लेडला हात नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, दुसऱ्याला चावायचं नाही, ही दावी हवीतच. मुलाला ती न ओरडता, न घाबरवता बांधता येतात का, एवढाच प्रश्न.

आणि न घाबरवता म्हणजे फक्त न मारता असं नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय: ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारं, खरं, गोड वाटेल असं आणि हिताचं बोलणं. चारही अटी एकदम. आता आपल्याकडची ठेवणीतली वाक्यं या गाळणीतून घालून बघा. "पोलीस काका घेऊन जातील." "बागुलबुवा येईल." "तू असंच केलंस तर आई निघून जाईल." ही अगदी शांत आवाजात बोलता येतात, डेसिबल वाढत नाही, बोलणाऱ्याचा बीपीही नाही. पण खरी नाहीत, उद्विग्न करतात, आणि शेवटचं तर मुलाच्या पायाखालची जमीनच काढून घेतं. असल्या शांतीपेक्षा एखादा चढलेला आवाज परवडला असं मी म्हणेन. तसंच हातात मोबाईल देऊन मिळवलेली शांतता. कधीमधी कोणीही देतं, विमानात देतं, दवाखान्यात देतं, त्यावर मी कोणाला बोलणार नाही. फक्त ती मुलाचं तोंड बंद झाल्याची शांतता असते, घर शांत झाल्याची नव्हे.

संत एकनाथांना आपण शांतिब्रह्म म्हणतो, आणि उदाहरण देताना नेहमी त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकणारा माणूस आणि पुन्हा पुन्हा केलेलं गोदास्नान सांगतो. त्यांचीच दुसरी गोष्ट आहे. पैठणच्या वाळवंटात भर दुपारी तापलेल्या वाळूवर एक मूल रडत होतं, ज्याला शिवायचं नाही असं त्या काळाने ठरवलेलं. नाथांनी ते उचलून कडेवर घेतलं. मला दोन्ही गोष्टी एकाच शांतीच्या वाटतात, आणि पालकांच्या कामाची दुसरी जास्त. तिथे शांत राहणं म्हणजे वाकणं आणि उचलणं होतं.

राहिली दोन बोटं. यशोदा बांधायला जाते तर दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी जोडते, तरी दोन बोटं. घरातली सगळी दावी संपतात, गोपी हसतात, तीही हसते. परंपरा सांगते की एक बोट आपल्या प्रयत्नाचं आणि एक त्याच्या कृपेचं. मला अलीकडे यातला दमण्याचा भाग जास्त दिसतो. ती घामाने भिजली आहे, आणि ते श्रम बघून कृष्ण स्वतः बांधून घेतो. भागवताने तिचा घाम लपवलेला नाही. दिवसभर काम, रात्री दोनदा उठणं, सकाळी पुन्हा तेच, अशा शरीराकडून धैर्य मागणं म्हणजे दोरीकडून नसलेली लांबी मागणं. सहाव्या अध्यायात योग्य आहार, विहार, झोप आणि जागं राहणं हे सगळं योगाच्या अटींतच येतं, आणि आपण ते नेहमी ध्यानाच्या श्लोकांकडे जाताना ओलांडून जातो. माझ्या त्या मित्राला मी एवढंच म्हटलं की आठवड्यातून दोन पहाटे माळा घेऊन झोपमोड करण्याऐवजी बायकोला झोपू दे आणि पोराला तू घे. जप त्याला कडेवर घेऊनही होतो. त्याला ते पूर्ण पटलं नाही. बघू.

आणि ते हसणं. यशोदेच्या अंगणात गोपी उभ्या होत्या. कोणीतरी बघत होतं, हसत होतं, त्यामुळे तिलाही हसता आलं. आपल्या टू-बीएचकेमध्ये दार बंद असतं आणि आत दोनच माणसं असतात, एक दमलेलं आणि एक रडणारं. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर. शेजारच्या काकूंना हाक मारायची आपल्याला लाज वाटते, "काय म्हणतील". मारावी. त्यांनाही बहुतेक बरंच वाटतं.

उद्याचं वाचन अध्याय १०, आणि ११ ची सुरुवात. बांधलेला कृष्ण उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांच्या मधून जातो, झाडं कोसळतात, आवाज ऐकून नंदबाबा धावत येतात. कामावरून आल्या आल्या घरात काय दिसावं, तर झाडं आडवी, पोर दाव्याने बांधलेलं, मागे उखळ. अशा वेळी बहुतेक घरांत पहिलं वाक्य काय निघतं ते आपल्याला माहीत आहे: "तू याला बांधलंसच का?" दिवसभर जो घरी होता त्याला, जो नव्हता तो विचारतो. नंदबाबा तिथे यशोदेला काही विचारत नाहीत. ते पोराकडे बघून हसतात आणि गाठ सोडतात.